गिरणी बंद ठेवा, गाणं आहे

अवासुमच्या वहीत आठवड्याच्या सातही दिवसांचे आवाज मोजून लिहिलेले होते. मोजमाप त्याच्या खोलीतल्या लाकडी कपाटात घेतलेलं, दार आतून ओढून, आईचे जाड झगे दोन्ही कानांशी लोंबत असताना. मंगळवार ते शनिवार सत्तावन्न डेसिबल: खाली पा तेबोची मक्याची गिरणी, समोर वेल्डिंगवाला, आणि चढावर धापा टाकणाऱ्या भाड्याच्या मोटरसायकली. रविवार बावन्न: गिरणी बंद, पण दोन चर्चचे भोंगे समोरासमोर, आणि दोघांनाही आपला देव कानाने अधू आहे असं वाटत असावं. रात्री बेडूक, कुत्री, दारूच्या दुकानाचा जनरेटर. शिवाय अधूनमधून एखादा असा आवाज, जो मोजला जात नसे; तो आला की अवासुम पलंगाखाली जात असे.

सोमवार मात्र एकोणतीस.

एकोणतीस म्हणजे आपल्याच नाकातून जाणारी हवा ऐकू येते. गिटारच्या तारेवरून बोट उचललं की तार किती वेळ थरथरते ते मोजता येतं. मोठमोठ्या शहरांतले लोक भिंतींना फोम चिकटवतात, दुहेरी दारं बसवतात, तरी त्यांना एकोणतीस मिळत नाही. अवासुमच्या शहरात, बामेंडात, ते आठवड्यातून एकदा फुकट मिळत होतं.

फुकट म्हणजे, सोमवारी शहर बंद असे. बंदुका घेऊन रानात गेलेल्या पोरांचा तसा हुकूम होता आणि त्याला आता सहावं वर्ष सरत आलं होतं. वेगळा देश मिळेपर्यंत दर सोमवारी दुकान नाही, शाळा नाही, मोटरसायकल नाही. पहिल्या वर्षी ज्यांनी शटर वर केलं, त्यांची शटरं जळाली. त्यानंतर कुणी कुणाला काही सांगावं लागलं नाही. अवासुम पोरांच्या बाजूचा नव्हता, आणि त्यांना शोधत घरं उलटीपालटी करणाऱ्या सैन्याच्या तर नव्हताच. तो बुएआच्या विद्यापीठातून भौतिकशास्त्र शिकून आलेला, शिकवण्या घेणारा सव्वीस वर्षांचा तरुण होता. बाजूच विचाराल, तर तो एकोणतीस डेसिबलच्या बाजूचा होता.

त्याचा आणि त्याच्या दोन मित्रांचा फोनवर एक ग्रुप होता, नाव ‘कपाट स्टुडिओ’. बोबगा हा शाळेपासूनचा दोस्त. तो अमेरिकेत मेरीलँडला वृद्धाश्रमात रात्रपाळी करायचा आणि दिवसा तळघरात बसून बास गिटार वाजवायचा. किन्युय कुंबो गावची. दोघांच्या बरोबर कॉलेजात गाणारी. तिचं कुंबोचं घर आता नव्हतं. काय झालं ते तिने ग्रुपवर एकदाच सांगितलं होतं आणि पुन्हा कुणी विचारलं नव्हतं. सध्या ती डुआला शहरात मावशीच्या एका खोलीत राहायची. शेजारी बार होता, म्हणून डोक्यावरून दोन चादरी घेऊन, घामाने निथळत ती गायची. तिच्या प्रत्येक रेकॉर्डिंगमध्ये मागे कुठेतरी एक बाटली फुटायचीच.

तिघांचं एक गाणं तयार होत आलं होतं. राजधानीतल्या, याउंदेच्या एका संस्थेने घरी रेकॉर्ड केलेल्या शांतिगीतांची स्पर्धा ठेवली होती. पहिल्या नंबराला खऱ्या स्टुडिओत पंधरा दिवस. अवासुमच्या लॅपटॉपमध्ये एकतीस गाणी होती, सगळी झग्यांच्या वासातली. आयुष्यात एकदा तरी त्याला कपाटाबाहेर उभं राहून गायचं होतं. बोबगाचा बास झाला होता. किन्युयचे मागचे सूर झाले होते, चाळीस प्रयत्नांनंतर बाटलीविना. मुख्य आवाज तेवढा राहिला होता, अवासुमचा. मागच्या सोमवारी तिसऱ्या कडव्याला वीज गेली आणि लॅपटॉपची बॅटरी पंधरा मिनिटांत मेली. गाणं पाठवायची शेवटची वेळ येत्या सोमवारी संध्याकाळी सहा. अट क्रमांक चार: पार्श्वभूमीला आवाज चालणार नाही.

शनिवारी दुपारी, खाली गिरणी धडधडत असताना, ग्रुपवर भांडण जुंपलं. सुरुवात नेहमीप्रमाणे किन्युयने केली.

“मास्तर, एक विचारू? तू सोमवारची वाट बघतोस. म्हणजे तुला बंद हवा असतो की नको असतो?”

“बंद नको असतो. शांतता हवी असते.”

“म्हणजे बकरी मरायला नको, पण मटण हवं.”

“अगं बाई,” बोबगा मध्ये पडला, “मायक्रोफोनला काय कळतं शांतता कुणी केली ते? आवाज मोजता येतो, पाप मोजता येत नाही. विचार मास्तरला, एकक तरी आहे का पापाचं?”

“तू बोलू नकोस हां, साहेब. तुमच्याकडे शांतता दुकानात मिळते. फोमच्या लाद्या, बारा नग. आणि पहिल्या वर्षी तिकडच्या सभेत उभं राहून ‘सोसा रे भावांनो, थोडं सोसा’ म्हणत टाळ्या कोण पिटत होतं?”

“ते पहिलं वर्ष होतं. तेव्हा सगळेच पिटत होते.”

“तुम्ही पिटलेल्या टाळ्या इकडे येईपर्यंत वेगळ्याच आवाजाच्या होतात.”

बोबगाने हसऱ्या चेहऱ्याचं चित्र पाठवलं, ते पुसलं, आणि लिहिलं, “बरं, मी गप्प. पण मला अजून गिरणीचा आवाज आठवतो. मास्तर, कधीतरी रेकॉर्ड करून पाठव ना. इथे झोप लागत नाही.”

“गिरणीचा आवाज घालवायला मी सहा वर्षं कपाटात बसतोय,” अवासुमने लिहिलं, “आणि ह्याला तो हवाय.”

तेवढ्यात आई वर आली. आईला पायऱ्या चढून आलं की बातमी सांगायच्या आधी खुर्ची लागते. ती बसली आणि म्हणाली, “ऐकलंस का? पा तेबो सोमवारी गिरणी सुरू करणार.”

“ह्या सोमवारी?”

“ह्याच. हळूच सांगतोय बायकांना. म्हणे, अडुसष्ट वर्षांचा झालो, तीनशे सोमवार दारात बसून काढले, आता उरलेले नाही काढायचे. कुणीतरी पहिलं व्हायला पाहिजे, मी म्हातारा आहे, माझंच काय ते जळू दे, म्हणतो. मी सांगितलंय त्याला, माझा मका मी आणणार.” आईचे डोळे पाणावले होते. सहा वर्षांत ह्या गल्लीत इतकं धाडसाचं वाक्य कुणी बोललं नव्हतं.

‘पण मग माझं गाणं?’ हा अवासुमच्या मनात आलेला पहिला विचार. त्याची त्याला लगेच लाज वाटली. विज्ञानाचा विद्यार्थी असल्यामुळे ती किती वेळ टिकते तेही त्याने पाहिलं: साधारण दोन मिनिटं.

*

रविवारी संध्याकाळी चर्चहून आल्यावर तो पा तेबोकडे गेला. पा गिरणीच्या दारात स्टुलावर बसून पट्ट्याला मेण लावत होता. उद्याची तयारी. स्वतः हाफ चड्डीत असल्यापासून अवासुम त्याला ओळखत होता. लहानपणी आईने दिलेला मक्याचा डबा डोक्यावरून सांडल्याबद्दल ह्याच म्हाताऱ्याने त्याचा कान पिळला होता. अंगात काळा टोपीवाला स्वेटर, गळ्यात हेडफोन, अशा अवतारात तो पुढ्यात उकिडवा बसला.

“पा, ऐकतोय की उद्या गिरणी चालू करणार?”

पा तेबोचा हात पट्ट्यावर थांबला. “कोण म्हणालं?”

“लोक बोलतात.”

“लोक काय, काहीही बोलतात.”

“नाही, चांगलंच आहे, पा. पण एक विनंती होती. फक्त उद्याचा दिवस नको. पुढच्या सोमवारपासून खुशाल चालू करा.”

म्हाताऱ्याने पट्टा मांडीवर ठेवला. पलीकडच्या ओट्यावर बसलेली दोन माणसं उठून आत गेली, हे अवासुमने पाहिलं. त्याला वाटलं, उतरतं ऊन डोळ्यांवर आलं असेल.

“का?” पा तेबोने अगदी हळू विचारलं.

“गाणं रेकॉर्ड करायचंय.”

“गाणं.”

“हो. शांततेचं गाणं आहे. आवाज झाला तर सगळं फुकट जातं. आम्ही तिघं आहोत. एक अमेरिकेत असतो, एक डुआलाला. सगळी तयारी झालीय, उद्या माझंच तेवढं राहिलंय.”

“अमेरिकेत,” पा तेबो म्हणाला.

“हो, तोच सगळं जुळवतो.”

“बरं. बरं, बाबा.” म्हातारा उठला. आत गेला आणि पिठाने गच्च भरलेला पातेल्याएवढा वाडगा घेऊन आला, वर फडकं बांधलेलं. “हे ने. तुझ्या माणसांना.”

“अहो पा, कशाला?”

“ने, ने. म्हातारा माणूस आहे मी. मला काही नको.”

अवासुम दोन्ही हातांनी वाडगा घेऊन घरी आला. एवढा भला माणूस, आपण उगाच घाबरत होतो, असं त्याला वाटलं. आई शेजारी प्रार्थनेला गेली होती. वाडगा ओट्यावर ठेवून त्याने ग्रुपवर लिहिलं: “जमलं! पा तेबो उद्या बंद ठेवतोय. वर वाडगाभर पीठ दिलं.”

मेरीलँडला दुपार होती. बोबगाने नाचणारा माणूस पाठवला. किन्युयने थेट फोनच केला.

“पीठ कशाबद्दल दिलं?”

“असंच. प्रेमाने.”

“सहा वर्षांत कधी दिलं होतं प्रेमाने?”

अवासुम आठवू लागला.

“तू काय काय बोललास ते शब्दन् शब्द सांग.”

त्याने सांगितलं. सांगता सांगता त्याचा आवाज खाली येत गेला, कारण आता तो स्वतःचं बोलणं पा तेबोच्या स्टुलावर बसून ऐकत होता. काळ्या स्वेटरातलं तरुण पोरगं, रविवारची संध्याकाळ. उद्या उघडू नका. परदेशात बसलेला एक जण सगळं जुळवतो.

“मी खरं सांगितलं त्याला,” अवासुम म्हणाला. “गाण्याचं सांगितलं.”

“इतकं फालतू कारण कुणी खरं म्हणून सांगतं का? त्याला वाटलं, पोरगं निदान लाजतंय तरी.”

“पण तो मला लहानपणापासून ओळखतो, किन्युय.”

“आमचं घर जाळायला आले ना, त्यातल्या एकाला माझ्या आईने दोन वर्षं अंकगणित शिकवलं होतं. ती रानातली पोरं काय आकाशातून पडली? प्रत्येकाला लहानपणी कुणीतरी ओळखतच होतं.”

अवासुमने ओट्यावरच्या वाडग्याकडे पाहिलं. गल्लीत कोण रानातल्या पोरांना फडकं बांधून काय देतं आणि का देतं, हे त्याला माहीत होतं. प्रत्येकाला माहीत होतं. फक्त आपल्याला कुणी ते देईल, हे त्याच्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

“मी आत्ता जाऊन परत देतो.”

“आत्ता? अंधार पडत आलाय. त्या माणसाचं दार तू आता वाजवलंस तर तो भिंतीवरून उडी टाकेल. सकाळी जा.”

फोन ठेवल्यावर बोबगाचा निरोप आला. त्याला सगळं किन्युयने सांगितलं होतं.

“मास्तर, शांत डोक्याने विचार कर. वाईट झालं, मान्य. पण ते होऊन गेलं. तू उद्या गायलास काय आणि नाही गायलास काय, म्हातारा घाबरला तो घाबरलाच. शांतता आहेच, मग ती वाया का घालवायची? सहानंतर जाऊन माफी माग, मक्याचं पोतं घेऊन जा, पाया पड.”

तर्क म्हणून ह्यात अवासुमला एकही चूक सापडेना, आणि हीच गोष्ट त्याला सगळ्यात जास्त आवडली.

“साहेब,” किन्युयने लिहिलं, “तो उद्या गाणार काय आहे, आठवतंय ना? ‘बंदूक खाली ठेव, भाऊ.’ हातात नसलेल्या बंदुकीने शेजाऱ्याला गप्प बसवून.”

“तुलाही स्टुडिओत जायचंय ना?” बोबगाने विचारलं.

“जायचंय. चाळीस वेळा गायलेय मी चादरीखाली. म्हणून तर इतकी चिडलेय.”

*

सोमवारी सकाळी कपाटात एकोणतीस होते.

आठला वीज होती. अवासुमने स्वतःशी ठरवलं, आधी दोन कडवी घेऊ, मग वाडगा परत करू. वाडगा कुठे पळून जात नाही. त्याने हेडफोन लावले, बोबगाचा बास सुरू झाला, मागून किन्युयचा आवाज आला, आणि तो गायला. पहिलं कडवं असं आलं की गाता गाताच त्याच्या अंगावर काटा आला. इतकं चांगलं तो कधी गायला नव्हता. कदाचित कुणीच कपाटात इतकं चांगलं गायलं नसेल.

दुसऱ्या कडव्याच्या आधी आठ मात्रांची मोकळी जागा होती. त्या जागेत त्याला टिक असा आवाज ऐकू आला. मग परत, टिक.

त्याने थांबवून मागे नेऊन ऐकलं. वर गेलेला आकडा पाहिला: एकतीस. लॅपटॉप नव्हे, घड्याळ नव्हे. कपाटाचं दार उघडलं, खिडकीशी गेला.

पा तेबो बंद गिरणीच्या दारात स्टुलावर बसून मका निवडत होता आणि खडे पत्र्याच्या डब्यात टाकत होता. एकेक खडा. समोर चार बायका डोक्यावर टोपल्या घेऊन उभ्या होत्या. बंदच्या दिवशी त्या मागच्या वाटेने, भिंती धरून आल्या असणार. सगळ्यांत पुढे अवासुमची आई.

“पण तुम्हीच तर म्हणालात, पा,” आई म्हणत होती.

“म्हणालो होतो.”

“मग झालं काय?”

पा तेबोने खालची मान वर केली नाही. “काही नाही, ताई. पट्टा तुटला.” आणि एक खडा डब्यात टाकला.

पट्टा त्याच्या मागे खुंटीला होता, नवं मेण लावलेला, खिडकीतूनसुद्धा चकाकत होता. बायकांनी तो पाहिला. एकीने टोपली डोक्यावरून काखेत घेतली. आईने मात्र मान वळवून गल्लीभर नजर फिरवली. कुणी घाबरवलं ह्या माणसाला, ते बघत होती ती. ती नजर खिडकीपर्यंत यायच्या आत अवासुम मागे सरला.

मग त्याने ओट्यावरचा वाडगा उचलला आणि खाली गेला.

त्याला येताना पाहून पा तेबो उभा राहिला. अडुसष्ट वर्षांचा माणूस, ज्याने त्याचा कान पिळला होता, तो त्याच्यासमोर उभा राहिला.

“कमी पडलं का?” म्हाताऱ्याने विचारलं.

“पा, हे परत घ्या. आणि गिरणी चालू करा.”

“काल तर...”

“काल मी मूर्खपणा केला. मी कुणाचा नाहीये, पा. मला कुणी पाठवलं नव्हतं. खरंच गाणं होतं. तुम्ही चालू करा.”

पा तेबोने त्याच्याकडे पाहिलं, बायकांकडे पाहिलं, पुन्हा त्याच्याकडे. “म्हणजे हुकूम बदलला?”

“हुकूम नाहीये हो!”

“बरं, बरं. ओरडू नको, बाबा. हुकूम नाहीये.” आणि म्हातारा आपल्या वयाला न शोभणाऱ्या वेगाने आत गेला, पट्टा चढवला, दांडा फिरवला. दुसऱ्या झटक्याला इंजिन खोकलं, काळा धूर सोडला, आणि सहा वर्षांत पहिल्यांदा सोमवारी त्या गल्लीत गिरणी धडधडू लागली. आईची टोपली पहिली गेली. आई पोराकडे बघत होती आणि तिच्या चेहऱ्यावर काय आहे ते अवासुमला वाचता येईना. अभिमान नव्हता एवढं नक्की.

दहा मिनिटांत वेल्डिंगवाल्याने दार किलकिलं करून विचारलं, “परवानगी आली?” कुणीतरी हनुवटीने अवासुमकडे दाखवलं. वेल्डिंगवाल्याने शटर वर केलं. मग शिंपीण. मग तेलाची दुकानवाली. अकरापर्यंत सात शटरं उघडली होती.

अवासुमने ग्रुपवर लिहिलं: “चालू करायला सांगितलं. सगळी गल्ली उघडली.”

“वा!” बोबगा. “मास्तर, क्रांती केलीस!”

“वा काय, वा?” किन्युय. “काल त्याने एक हुकूम दिला, आज दुसरा दिला. त्या म्हाताऱ्याने स्वतःच्या हिमतीवर उघडलं असतं तर ती हिंमत होती. आता तो तुझं ऐकतोय. आणि मास्तर, खरे आले तर? ते विचारतील, कुणी सांगितलं उघडायला. मग?”

हा प्रश्न अवासुमला वर जाऊन कपाटात बसून सोडवता आला असता. वीज होती. गिरणीसकट सत्तावन्नमध्ये गाता आलं असतं, निदान काहीतरी पाठवता आलं असतं. पण खरे आले तर त्यांना उत्तर द्यायला खाली कुणीतरी असायला हवं, आणि सांगणारा तोच होता. तो गिरणीच्या दारात मक्याच्या एका पोत्यावर बसला. बसल्यावर त्याच्या लक्षात आलं की लांबून हे कसं दिसत असेल. उठला असता तर ते आणखी वाईट दिसलं असतं. शिंपिणीने न विचारता त्याला मक्याच्या पिठाचा घट्ट उकडलेला फुफू आणि न्जामा-न्जामाची पालेभाजी आणून दिली आणि ताट ठेवून पाऊल मागे घेत गेली.

दुपारी दोनच्या सुमारास चढावरून मोटरसायकलचा आवाज आला. बंदच्या दिवशी मोटरसायकल. गल्लीतली बोलणी थांबली. पा तेबोचा हात इंजिनाच्या दांड्याकडे गेला.

गाडीवर दोघं होते, अवासुमच्याच वयाचे. पुढच्याने वेग कमी केला. उघड्या शटरांवरून त्यांची नजर फिरत फिरत गिरणीच्या दारात पोत्यावर बसलेल्या, काळ्या स्वेटरातल्या, गळ्यात हेडफोन अडकवलेल्या तरुणावर येऊन थांबली. अवासुमला उठून काय बोलायचं ते सगळं पाठ होतं. तो बसूनच राहिला. मागच्याने क्षणभर विचार केला, मग हात वर करून सलाम केला, जसा ओळखीच्या पण आपल्या तुकडीत नसलेल्या माणसाला करतात.

अवासुमचा हातही वर गेला. त्याने नेला नव्हता, तो गेला.

गाडी पुढे निघून गेली. गल्ली पुन्हा बोलू लागली, आता मोकळेपणाने. पा तेबोने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो लगेच काढून घेतला.

पाचला अवासुमने फोनवर गिरणीचं अर्ध्या मिनिटाचं रेकॉर्डिंग करून बोबगाला पाठवलं. सोबत सकाळचं एकटं पहिलं कडवं. “एवढंच आहे,” त्याने लिहिलं. “पुढचं मी इथेच पोत्यावर म्हणतो, फोनवर. गिरणी बंद करायला सांगणार नाही.”

“मास्तर, अट क्रमांक चार,” बोबगाने लिहिलं.

“माहितीये. किन्युय, तुझी चाळीस...”

“गा रे मेल्या,” किन्युयने लिहिलं. “एक्केचाळिसावी बाटली समज.”

तो गायला. गिरणीवर आवाज जावा म्हणून ओरडून गायला. रांगेतल्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. “बंदूक खाली ठेव, भाऊ,” तो ओरडत होता, आणि पा तेबो दर ओळीला मान डोलावत होता, पटल्यासारखी, घाईघाईने.

बोबगाने सहाला दहा कमी असताना गाणं पाठवून दिलं.

*

तिसऱ्या आठवड्यात याउंदेहून उत्तर आलं. परीक्षकांना विषय भावला होता. पहिलं कडवं असामान्य होतं, असं स्वतंत्र वाक्य होतं. मात्र उर्वरित भागात यंत्राचा सततचा आवाज असल्यामुळे विचार करता आला नाही. शेवटी आपुलकीने सूचना केली होती: स्पर्धकांनी ध्वनिमुद्रणासाठी परिसरातला एखादा शांत दिवस निवडावा.

किन्युयने ते पत्र मोठ्याने वाचून त्याचं रेकॉर्डिंग ग्रुपवर टाकलं. मागे बाटली फुटली. बोबगाने लिहिलं की तो गिरणीचं ते अर्धं मिनिट रोज कामावरून आल्यावर लावतो आणि त्याला झोप लागते.

त्या रविवारी संध्याकाळी पा तेबो स्वतः जिने चढून वर आला. टोपी हातात. मागच्या दोन्ही रविवारी आला होता तसाच.

“बाबा, उद्या काय करायचं?”

“पा, तुमची गिरणी आहे. तुम्हाला वाटेल ते करा. मी कितीदा सांगू?”

म्हाताऱ्याचा चेहरा उतरला. वाटेल ते करा, ह्यात काही तरी अडकलेलं असणार. “म्हणजे उघडू नको?”

आई आतून बघत होती. खाली वेल्डिंगवाला, शिंपीण, तेलवाली आपापल्या दारात उभे होते आणि तोंडं वर होती. अवासुमने कपाटाकडे पाहिलं. त्यात आता आईचे झगे तेवढे लटकत होते.

“उघडा,” तो म्हणाला.

“आणि तू बसशील ना पोत्यावर?”

“बसेन.”

पा तेबो सुटल्यासारखा खाली गेला. गल्लीतून दबकी कुजबुज वर आली. अवासुमने वही काढली, सोमवारच्या पुढचा एकोणतीस खोडला आणि सत्तावन्न लिहिलं. मग काळा स्वेटर घडी करून आईच्या झग्यांमागे ठेवला आणि उद्यासाठी लाल शर्ट काढला, सगळ्यात भडक, ज्यात कुणीही त्याला कुणाचंही समजू नये असा.

सकाळी तो पोत्यावर जाऊन बसला. दुपारपर्यंत वेल्डिंगवाल्याच्या अंगातही लाल शर्ट होता.